शिल्लक पॉइंट

उदगीरला परतले तेव्हा पर्समधून अकरा कार्डं निघाली.
आईनं ती पत्त्यांसारखी पिसली,
म्हणाली, यातला राजा कोणता?

मी निळं दाखवलं.
लीड्स. साडेआठ वर्षं. खोलीपासून सातशे पावलांवरचं दुकान.
नाव चुकलंय त्यावर, सत्यबामा.
'भ'मधला हकार त्यांनी गाळला
आणि मीही दुरुस्त करायला गेले नाही,
फॉर्म पुन्हा भरला तर पॉइंट शून्यावर येतील
असं काउंटरवरचा पोरगा म्हणाला होता.
बामा तर बामा.

पौंडाला एक पॉइंट, शंभर पॉइंटांचा एक पौंड.
म्हणजे रुपयाला पैसा, आई.
हसू नको.
त्या पैशापैशातून एक कोट आला, राखाडी,
तो आता तुझ्या लोखंडी कपाटात
डांबराच्या गोळ्यांशेजारी झोपलाय.
इथल्या उन्हात कशाला उठेल?

कार्डवाल्यांना दही ऐंशी पेन्सला, बिनकार्डवाल्यांना सव्वा पौंडाला.
संध्याकाळी साडेसातला एक बाई पिवळ्या चिठ्ठ्या लावत फिरायची,
उद्या शिळा होणारा पाव आज अर्ध्या किमतीत.
मी ड्युटीवरून थेट तिच्या मागं मागं,
सरवा वेचायला निघाल्यासारखी.
मेथीच्या जुडीला पावणेदोन पौंड.
गुणाकार करायचा नाही असं ठरवलं होतं,
तरी जीभ आतल्या आत शंभरनं गुणायची
आणि हात मागं यायचा.

रेजी सोबत राहायची, कोट्टायमची.
दोघींत एकच कार्ड.
ती ऑस्ट्रेलियाला गेली, त्या मार्चपासून
मी दोनाऐवजी एकच दूध घ्यायला लागले.
कुणी विचारलं नाही.
वॉर्डात नाही, घरमालकानं नाही,
फोनवर तूही नाही, तुला कुठून कळणार.
चौथ्या आठवड्यात दुकानाचं पत्र आलं:
प्रिय सत्यबामा, तुम्ही नेहमी घेता त्या दुधावर वीस पेन्स सूट.
आम्हाला तुमची आठवण येते.

यंत्रानं लिहिलंय हे कळत होतं.
तरी वर्षभर फ्रिजवर चिकटवून ठेवलं.

आई यावर काही बोलली नाही.
उठली, फडताळातून पत्र्याचा डबा काढला.
चहाच्या पुड्यावर चमचा फुकट मिळायचा, त्या काळातले
एकोणतीस चमचे.
कागदासकट. एकही न वापरलेला.
'मन्मथअप्पा नुसता पुडा पुढं करायचा, चमचा गल्ल्याखाली सारायचा.
मी हलायचेच नाही दुकानातून.
आपल्या हक्काचा हाय, कामून सोडू?'
मग वापरले का नाहीस?
'पाहुणे लई येतील वाटलं होतं.'

दुसऱ्या दिवशी साखर आणायला गेले.
मन्मथअप्पाच्या दुकानात आता काच, एसी, स्कॅनर,
गल्ल्यावर नातू.
मोबाइल नंबर सांगा ताई, पॉइंट जमा होतील.
माझ्या तोंडून सवयीनं तिकडचाच निघाला, शून्यापासून,
त्यानं दहा आकडे दाबले, अकरावा कुठं घालू म्हणाला.
मागं रांग थांबली.
आतल्या खुर्चीतून म्हातारा, चष्मा कपाळावर:
कोणाची गं तू?
मी आईचं नाव सांगितलं.
'चमच्यावाल्या शेषाबाईची?'
रांगेतल्या दोन बाया हसल्या. मीही.
'हिला काय द्यायचं ते मोजून दे रे बाबा,
नाहीतर उठायची नाही इथून.'

निळ्या कार्डावर अजून तीनशे बारा पॉइंट आहेत.
एकतीस मार्चला मरतील.
आई त्यानं परातीतलं ज्वारीचं पीठ खरवडते,
अक्षरं पांढरी पडत चाललीत, नाव वाचता येत नाही.
कड चांगली हाय म्हणे याची,
अजून एखादं असंल तर दे,
शेजारच्या कमलबाईला पण पाहिजे.